दिवेलागणीची गोळी

२०१८ च्या जुलैत, निंदणाच्या दिवसांत, माझ्या लेकीचा घसा दुखायला लागला. ती तेव्हा सातवीत होती, वजन ३१ किलो. अंगात ताप, आणि थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी यायचं. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं होतं. सर्दी-खोकला नसताना घसा ठणकतो आणि ताप येतो, तेव्हा तो घसा दाखवायचा असतो, हे मला त्या जुलैत माहीत नव्हतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-तुरीचं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, दीडशे रुपये. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी पोरगी दप्तर घेऊन शाळेत गेली. उरलेल्या गोळ्या मी फडताळात ठेवून दिल्या, पुढच्या वेळी कामी येतील म्हणून. त्या उरलेल्या गोळ्यांचा विचार मी नंतर किती रात्री केला असेल ते माझं मला माहीत.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तिचा उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा बरा, पण डावा घोटा धरला. मग मनगट. आज इथे, परवा तिथे, आणि जिथून दुखणं गेलं तिथे काही झालंच नव्हतं असं वाटावं. सासूबाई म्हणाल्या, "वात हाय, तेल लाव." शेजारच्यांनी चिकनगुनिया सांगितला. एका खाजगी दवाखान्यात तपासण्या झाल्या, साडेआठशे रुपये गेले, दुखणं थांबायच्या गोळ्या मिळाल्या. गोळी असेपर्यंत बरं, उतरली की पुन्हा तेच. असे आमचे दहा-बारा दिवस गेले.

२६ ऑगस्टला राखी होती. लेक भावासमोर पाटावर बसली, ओवाळलं, राखी त्याच्या हातावर ठेवली आणि तिला गाठ मारता येईना. बोटं वळतच नव्हती. तिनं दोनदा प्रयत्न केला, मग राखी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. गाठ मी मारली. त्याच रात्री आम्ही ठरवलं की आता गाव-तालुका करायचं नाही, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाटेच्या बसनं निघालो. सोबत नेलेल्या गोष्टी सांगते, कारण तिथे गेल्यावर त्यांच्यासाठी परत फिरणारी माणसं मी पाहिली: तिचं आधारकार्ड, केशरी रेशनकार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट, औषधांची रिकामी पाकिटं. ही पाकिटं सगळ्यात उपयोगी पडली. "काय औषध दिलं होतं?" याला "पांढऱ्या गोळ्या" हे उत्तर चालत नाही. केसपेपर काढायला पाऊण तास, मुलांच्या ओपीडीत अडीच तास. नंबर आला तेव्हा साडेबारा वाजले होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघा, घोटा, मनगट पाहिलं आणि मग स्टेथोस्कोप तिच्या छातीवर लावला तो काढेचनात. डोळे मिटून ऐकत होते. माझ्या पोटात गोळा आला. गुडघ्यासाठी आणलेल्या पोरीची छाती हा माणूस एवढा वेळ का ऐकतो आहे?

भरती करून घेतलं. रक्ताच्या तपासण्यांत एएसओ नावाची एक होती, ती फार वाढलेली निघाली. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू होऊन गेला याची ती खूण. ईसीजी झाला, चौथ्या दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. निदान होतं रुमॅटिक फीवर, म्हणजे संधिवाताचा ताप. डॉक्टरांनी मला सांगितलं ते असं: घशातले जंतू केव्हाच गेले. पण त्यांच्याशी लढायला शरीरानं जी शस्त्रं घडवली, त्यांना जंतूचा काही भाग आणि आपल्या हृदयाचा, सांध्यांचा काही भाग सारखाच दिसतो. म्हणून घसा बरा होऊन दोन-तीन आठवड्यांनी ती शस्त्रं घरच्यांवरच उलटतात. सांधे दुखतात आणि बरे होतात. हृदयाच्या झडपांना मात्र एकदा इजा झाली की ती राहू शकते, आणि प्रत्येक नव्या झटक्यात वाढते.

इको स्वच्छ होता. झडपांना काही झालेलं नव्हतं. तो कागद हातात घेऊन मी व्हरांड्यात बसले आणि बराच वेळ उठले नाही.

सांध्यांसाठी तिला अॅस्पिरिन सुरू केलं होतं, जेवणावर, दिवसातून चारदा. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, कानात रातकिडे ओरडून राहिले." मला वाटलं तापात बडबडते आहे. नर्सबाईंना सांगितलं तर त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि मात्रा कमी केली. कानात आवाज येणं ही अॅस्पिरिन जास्त होत असल्याची खूण असते. पोरं जे सांगतात ते जसंच्या तसं पुढे सांगावं, आपण गाळू नये.

सांधे आठवड्यात मोकळे झाले. पण खरं औषध पुढे होतं, आणि ते होतं पेनिसिलिन. एकदा हा ताप आलेल्या मुलाला पुन्हा तसाच घसा धरला तर ताप परतण्याचा धोका फार असतो. म्हणून घसा धरूच द्यायचा नाही. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पाच वर्षं किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर. तिच्या बाबतीत ते ऑक्टोबर २०२४ निघालं. झडपा खराब असत्या तर मुदत दहा वर्षं आणि त्याहून लांब गेली असती. मी बोटांवर मोजलं. सातवीतली पोरगी कॉलेजात जाईपर्यंत.

पहिलं इंजेक्शन ४ सप्टेंबर २०१८ ला, मंगळवारी. आधी चामडीत थोडंसं टोचून अर्धा तास थांबवलं, पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का पाहायला. नंतरही अर्धा तास बसवून ठेवलं. हे औषध पाण्यासारखं नसतं, दुधाळ आणि दाट असतं. नर्सबाईंनी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवली, थंडपणा जाईपर्यंत, आणि मग जाड सुईनं हळूहळू दिलं. लेक ओरडली नाही, पण माझ्या मनगटावर तिची चार नखं उमटली. दोन दिवस लंगडत होती.

आता खरी अडचण सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी मोठ्या दवाखान्यापर्यंत जाणं परवडण्यासारखं नव्हतं: माझी मजुरी बुडायची, तिची शाळा बुडायची, दोघींच्या तिकिटाला आणि चहा-नाश्त्याला मिळून अडीचशेच्या आसपास जायचे. इंजेक्शन त्यामानानं अगदी स्वस्त. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले तर तिथे नकार मिळाला. "रिअॅक्शन आली तर जबाबदारी कोणाची?" मला तेव्हा राग आला होता. पेनिसिलिनची तीव्र अॅलर्जी क्वचित येते पण येते तेव्हा जिवावर येते, त्यामुळे भीती अगदीच खोटी नव्हे. पण भीतीचं उत्तर नकार नसतं. ज्याला इंजेक्शनची गरज आहे त्याला ते न मिळाल्यानं हृदय जाऊ शकतं.

मार्ग निघाला तो चिठ्ठीमुळे. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, तुमच्या हातानं लिहून द्या." त्यांनी दवाखान्याच्या कागदावर आजाराचं नाव, औषधाचं नाव, १२ लाख युनिट ही मात्रा, दर २१ दिवसांनी, आधीची दोन इंजेक्शनं कोणत्या तारखेला कुठे दिली आणि काही त्रास झाला नाही, असं सगळं लिहून शिक्का मारून दिलं. तो कागद दाखवल्यावर २२ किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयानं इंजेक्शन द्यायचं मान्य केलं. त्याच्या पाच झेरॉक्स काढा आणि एक फोनमध्ये ठेवा. मूळ कागद आम्ही प्लास्टिकमध्ये मढवून घेतला होता. आणखी एक: २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून वार बदलत नाही. आमचा मंगळवार पडला आणि मंगळवारच तालुक्याचा बाजार. इंजेक्शन आणि बाजार एकदमच व्हायचा. येताना लेकीला हातगाडीवरची फल्ली मिळायची.

अशी २७ इंजेक्शनं झाली. एकही चुकलं नाही. सत्ताविसावं ३ मार्च २०२० ला. पुढची तारीख होती २४ मार्च, मंगळवार.

तो दिवस सगळ्यांना आठवत असेल. राज्यात संचारबंदी लागलेली, एसटी उभी, आणि त्याच रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झालं. बस नाही, गाव सोडता येत नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात सगळी धावपळ कोरोनाची. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी नंबर दिलेला होता, पण कधी लावायची हिंमत झाली नव्हती. ते म्हणाले, "घाबरू नका. गोळ्यांनीही चालतं. पण ताई, इंजेक्शन देऊन आपण २१ दिवस विसरू शकतो. गोळी विसरता येत नाही. जमेल का?" मी हो म्हटलं.

चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर आली: पेनिसिलिन व्ही, २५० मिलिग्राम, दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. यांनी ती चिठ्ठी पोलिसांना दाखवत मोटारसायकलनं तालुका गाठला. पहिल्या औषध दुकानात ती गोळी नव्हती. दुकानदार म्हणाला, "अॅमॉक्सिसिलिन घेऊन जा, एकच खानदान आहे." यांनी मला फोन केला, मी डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, खानदान एकच, पण या कामासाठी वर्षानुवर्षं द्यायला मला पेनिसिलिन व्हीच हवं, ते नेमकं त्या जंतूपुरतं काम करतं. तिसऱ्या दुकानात २० गोळ्या सापडल्या. २७ मार्चला सकाळी लेकीनं पहिली गोळी घेतली. पुढे दुकानदाराशी बोलून ठेवलं की दर महिन्याला ६० गोळ्या मागवून ठेवायच्या, महिनाअखेर आम्ही नेणारच. खर्च महिन्याला दोनशेच्या आतबाहेर. गावाकडे ही गोळी खपत नाही म्हणून दुकानं ठेवत नाहीत. आठ दिवस आधी सांगितलं तर मात्र येते.

त्या बंद घरात माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळायचा. तेच औषध, मग इंजेक्शन तीन आठवडे कसं टिकतं आणि गोळी बारा तासही का टिकत नाही? आणि रिकाम्या पोटीच का? दुखण्याची गोळी तर पोटभर खाऊन घ्यायला लावली होती. पंधरा दिवसांनी धीर करून पुन्हा फोन केला. डॉक्टरांकडे त्या दिवशी वेळ होता की त्यांनी काढला, कोण जाणे. वीस मिनिटं बोलले. मी लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ती वही माझ्याकडे अजून आहे.

इंजेक्शनमधलं पेनिसिलिन अशा रूपात असतं की ते पाण्यात लवकर विरघळत नाही. मांसात त्याची एक साठवण तयार होते आणि तिच्यातून ते थोडं थोडं झिरपत राहतं. आपल्या माठासारखं. गोळी म्हणजे तांब्याभर पाणी एकदम ओतणं. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या ते एका तासात रक्तात सगळ्यात जास्त पोहोचते. आणि तिथून ती टिकत नाही. मूत्रपिंडं पेनिसिलिन इतक्या झपाट्यानं बाहेर काढतात की जेमतेम अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग पुन्हा निम्मं. काही तासांत खेळ संपला.

सुरुवातीच्या काळातलं पेनिसिलिन तर तोंडानं देऊन फारसा उपयोगच नव्हता. पोटातलं आम्ल त्याची मोडतोड करायचं. पेनिसिलिन जी म्हणतात ते हे, म्हणून ते टोचूनच द्यायचे. पेनिसिलिन व्हीच्या रेणूला बाजूला एक वेगळी शेपटी जोडलेली असते, तिच्यामुळे ते आम्लात टिकतं, जठर ओलांडतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तात शिरतं. तरी गिळलेल्यातलं सगळं शिरत नाही, निम्म्याहून थोडं जास्त. पोटात अन्न असेल तर आणखी कमी, आणि उशिरा. म्हणून जेवणाआधी एक तास, नाहीतर जेवणानंतर दोन तास. अॅमॉक्सिसिलिनला एवढं बंधन नसतं, ते जेवणावरही चालतं. त्यामुळे "पेनिसिलिनची गोळी कशीही घ्या" असं कुणी सांगितलं तर कोणती गोळी ते आधी विचारावं.

जंतू कसा मरतो ते मात्र मला डॉक्टरांपेक्षा माझ्या मशीननं समजावलं. मी शिवणकाम करते. डॉक्टर म्हणाले, जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते, जाळीदार, उभ्या-आडव्या टाक्यांची. आत दाब फार, म्हणून ही भिंत नसेल तर तो फुटतो. मला कापसाचं गच्च दाबून भरलेलं गाठोडं दिसलं. जंतू वाढताना ही भिंत सारखी उसवतो आणि मोठी करून पुन्हा शिवतो. शिवण्याचं काम करणारा त्याचा एक एन्झाइम असतो. पेनिसिलिनचा आकार त्या धाग्याच्या टोकासारखाच दिसतो. एन्झाइम फसतो, धागा समजून पेनिसिलिन धरतो आणि ते त्याला कायमचं चिकटून बसतं. त्याच दिवशी सकाळी माझ्या मशीनच्या शटलमध्ये धाग्याचं गुंतवळ अडकलं होतं. पायडल हलत होतं, सुई खालीवर होत होती, कापड पुढे सरकत होतं आणि टाका एकही पडत नव्हता. तसंच. जंतू वाढायचं थांबत नाही, उसवणं थांबत नाही, फक्त टाका पडत नाही. गाठोडं फाटतं.

आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून पेनिसिलिन आपल्या पेशींना त्या वाटेनं काही करत नाही. विषाणूलाही नसते, म्हणून साध्या सर्दी-पडशावर ते कामाचं नाही. आणि जंतू झोपलेला असेल, वाढत नसेल, तर शिवण चालूच नाही, मग अडकवायचं काय? म्हणून औषध पुन्हा पुन्हा, वेळेवर पोहोचावं लागतं. त्या जुलैतल्या घशाला ताप उतरल्यावरही पूर्ण दहा दिवसांचं पेनिसिलिन लागलं असतं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत जरी सुरू झालं असतं, तरी संधिवाताचा ताप टळू शकला असता. हे वाक्य लिहून घेताना माझा हात थांबला होता. डॉक्टरांना ते कळलं असावं. म्हणाले, "ताई, तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं."

मी विचारलं, पोरीनं वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या तर जंतू सरावणार नाही का? पुष्कळ जंतू पेनिसिलिनला निर्ढावले आहेत, काही तर ते तोडणारं एन्झाइमच तयार करतात. पण हा घशाचा स्ट्रेप्टोकोकस आजवर पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही. अगदी थोडं औषधही त्याला पुरतं. म्हणूनच दोन लहान गोळ्या राखण करू शकतात: नवा जंतू घशात येऊन बस्तान मांडायच्या आधीच त्याची शिवण बिघडते.

हे कळल्यावर गोळी द्यायची माझी तऱ्हाच बदलली. आधी नियम होता म्हणून देत होते. आता संध्याकाळी बसल्या बसल्या डोळ्यांपुढे यायचं की दुपारपर्यंत सकाळची गोळी संपली, पोरीच्या रक्तात आता काही नाही.

वेळ आम्ही अशी बसवली. सकाळी सहाला उठल्या उठल्या ग्लासभर पाण्यासोबत, सातनंतर नाश्ता. संध्याकाळची अवघड होती. शाळेतून आली की भूक, पाच-सव्वापाचला काहीतरी खाणार, आठला जेवण. मधली जागा फक्त सातची. सात म्हणजे देवापुढे दिवा लावायची वेळ. सासूबाईंना पहिल्यांदा या गोळ्या पटल्या नव्हत्या. "पोरीच्या जातीले हृदयाची बिमारी हाय म्हून गावभर सांगत नोको फिरू," हेही त्यांनी मला ऐकवलं होतं. पण दिवा त्याच लावायच्या. मी म्हटलं, "आत्याबाई, दिवा लावला की तिला हाक मारत जा, मला मशीनवर भान राहत नाही." त्यांनी ते अंगावर घेतलं. काडी ओढल्याचा आवाज, आणि मागोमाग, "दिवे लागले माय, गोई घेतली का वं?" चार वर्षं.

गोळ्या ठेवायचा प्रश्न आमच्याकडे मोठा असतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, टिनाच्या खोलीत तर बघायलाच नको. पहिल्यांदा मी पाकीट माठाजवळच्या फळीवर ठेवलं, तिथे गार असतं म्हणून. दुकानदारानं अडवलं: पेनिसिलिनला ओल चालत नाही, ओलीनं ते निकामी होतं. मग जुन्या मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पाकिटातून न काढता. आठवड्याच्या गोळ्या सुट्या करून डबीत भरायची माझी सवय मोडली.

लेक नववीत होती तेव्हा, शाळा फोनवर चालू असताना, तिनं विज्ञानाच्या प्रकल्पाला पेनिसिलिनच घेतलं. फ्लेमिंगनं १९२८ मध्ये बुरशीभोवती जंतू मेलेले पाहिले इथपासून, तर आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली इथपर्यंत. तिनं मला एक गोष्ट वाचून दाखवली. १९४१ साली इंग्लंडमध्ये एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं. तो सुधारत होता, पण औषधच फार थोडं होतं. म्हणून त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गोळा करून पुन्हा त्याला टोचायचे. तरी ते संपलं आणि तो गेला. "आई, म्हणजे खरंच इतकं भरभर बाहेर पडतं," ती म्हणाली. त्या दिवसापासून सकाळच्या गोळीसाठी तिला उठवायला लागलं नाही.

लॉकडाऊन उठल्यावर डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शनचं विचारलं. सर्वसाधारणपणे इंजेक्शन जास्त भरवशाचं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. लेकीच्या झडपा चांगल्या, ताप परतलेला नाही, गोळ्यांचा हिशेब चोख, म्हणून त्यांनी गोळ्यांवर राहू दिलं. तुमच्या मुलाच्या झडपेला इजा असेल तर हा निर्णय वेगळा असू शकतो, तो स्वतःच्या मनानं बदलू नका. पुढे नोव्हेंबर २०२१ पासून काही महिने एसटीचा संप चालला, तेव्हा मला या गोळ्यांचं फार बरं वाटलं. दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत झाली.

चूकही झाली. मे २०२२ मध्ये ती मामाच्या गावी तीन आठवडे राहिली. परत आली तेव्हा मी गोळ्या मोजल्या. हिशेबानं १८ उरायला हव्या होत्या, उरल्या २९. अकरा संध्याकाळी. तिथे दिवेलागणीला हाक मारणारं कुणी नव्हतं. मी चिडले, ती रडली, रात्री दोघी न जेवता झोपलो. डॉक्टरांनी फोनवर घसा दुखला का, ताप आला का, सांधे धरले का, एवढंच विचारलं आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. काही निघालं नाही. चुकलेली गोळी आठवताक्षणी घ्यायची, पण पुढच्या वेळेला दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हेही तेव्हा विचारून घेतलं. त्यानंतर तिच्या फोनवर सकाळ-संध्याकाळचा गजर आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन ठिपके, तिच्याच हातचे.

दरवर्षी इको केला. शाळेत मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक येतं, त्यांनाही फाइल दाखवत गेले. या आजारानं होणारा हृदयविकार त्यांच्या यादीत आहे आणि पुढे पाठवायची चिठ्ठी त्यांच्याकडून मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांना मात्र ते लागू नाही, तिथे सुटे पैसे सोबत ठेवावेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ती अठरा वर्षांची झाली. दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबरला, शेवटचा इको. मशीनवाल्या बाई पडद्याकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. झडपा पहिल्या दिवशी होत्या तशाच. डॉक्टर आता दुसरे होते. त्यांनी सहा वर्षांची फाइल मागून पुढे चाळली आणि शेवटच्या पानावर औषध थांबवल्याचं लिहिलं, तारखेसह. घसा दुखला तर कधीही, कुठेही असलीस तरी लगेच दाखवायचं आणि हा आजार होऊन गेल्याचं आधी सांगायचं, हे त्यांनी मला नाही, तिला सांगितलं. घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. सासूबाईंनी दिवा लावून तिला हाक मारली. लेक म्हणाली, "आजी, आता नाही घ्यायची." त्या तिच्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. मंग पाया पड देवाच्या."

ती आता कॉलेजसाठी वसतिगृहात आहे. जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला: घसा दुखतो आहे, ताप आहे, खोकला नाही. मी निघायची तयारी करेपर्यंत ती फाइलचा फोटो घेऊन तिथल्या सरकारी दवाखान्यात पोहोचलीसुद्धा होती. दहा दिवसांचं पेनिसिलिन दिलं, दिवसातून दोनदा, ५०० मिलिग्राम. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी सकाळी तिनं फोटो पाठवला, वसतिगृहाच्या खिडकीत ठेवलेल्या दोन पाकिटांचा. वीसही खळगे रिकामे होते.